वासरांच्या डागणीला जाताना: मोंटाना-वायोमिंगच्या रँचवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरातून दक्षिणेला पाहिलं की क्षितिजावर प्रायर डोंगरांची रांग दिसते. डोंगर ओलांडला की शेजारचं वायोमिंग राज्य. गेली चार वर्षं मे महिन्यातला एक आठवडा मी या भागातल्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या माळरानावर, काढते. पैसे भरून पाहुणी म्हणून जाते, आणि तिथे घोड्यावर बसून गुरं वळते, वासरांना लस टोचते, डागणीच्या दिवशी, म्हणजे तापल्या लोखंडाने वासरांवर मालकीची खूण उठवतात तेव्हा, वासरं धरते.

माझं बालपण सांगोला तालुक्यातलं. आजोबांच्या दावणीला खिल्लार बैल होते, दोन गाई होत्या. त्यामुळे गुरांचं मला कळतं, अशी समजूत घेऊनच पहिल्या वर्षी गेले आणि पहिल्याच सकाळी एक अख्खा घोळका बुजवून दरीत उतरवला. आपल्याकडची गाय माणसाच्या हाताखाली वाढते. तिला हाक कळते, ती आपणहून दावणीला येते. तिकडची गाय हजारो एकरांच्या माळावर चरते आणि वर्षातून मोजके दिवस माणसं जवळून पाहते. माणूस दिसला की ती लांब जाते. तिकडचं गुरं वळण्याचं सगळं काम तिच्या या लांब जाण्यावर चालतं. हे लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा भारतातून मुद्दाम जाऊ पाहणाऱ्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. रँच कसली आहे ते आधी विचारा

पाहुणे घेणाऱ्या रँच दोन तऱ्हेच्या असतात. एक म्हणजे ज्याला तिकडे ड्यूड रँच म्हणतात ती. घोड्यावरून फेरफटका, पोहण्याचा तलाव, संध्याकाळी शेकोटी. हा धंदा जुना आहे, त्यांची संघटना १९२६ साली स्थापन झाली. दुसरी म्हणजे वर्किंग गेस्ट रँच. तिथे गुरांचा खरा व्यवसाय असतो आणि पाहुणे त्या कामात सामील होतात. आज गुरं आणायची असतील तर आजच आणायची, पाऊस असला तरी.

जाहिरातीत दोन्हीकडे तेच फोटो दिसतात. म्हणून फोन करा आणि सरळ विचारा:

- आम्ही येऊ त्या आठवड्यात नेमकं काय काम असेल? वासरं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात आणि डागणी बहुतेक ठिकाणी मे-जूनमध्ये होते. जुलैत गेलात तर गुरं उंचावरच्या कुरणात असतात.
- रोज किती तास घोड्यावर? पाच-सहा तास हे नेहमीचं उत्तर आहे.
- डागणी दोराने करता की टेबलावर? काही ठिकाणी वासरू घोड्यावरून फास टाकून ओढतात, काही ठिकाणी आडव्या होणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात धरतात. दुसऱ्या प्रकारात पाहुण्याला हातभार लावायला कमी वाव असतो.
- घोड्यावर बसणाऱ्याच्या वजनाची मर्यादा किती? बऱ्याच ठिकाणी ती २०० ते २५० पौंडांच्या दरम्यान असते आणि खोगिरावर चढण्याआधी काटा पुढे येऊ शकतो.
- हेल्मेट देता का?
- शाकाहारी जेवणाची सोय होते का?

शेवटचा प्रश्न नोंदणीच्या वेळीच विचारा, पोचल्यावर नाही. रँचपासून किराणा दुकान पन्नास-साठ मैलांवर असू शकतं. मी आधी सांगते, तेव्हा माझ्यासाठी राजमा, अंडी, बटाटे, पाव हे असतंच.

२. कागदपत्रं, आणि विमानतळावरचा प्रश्न

जवळ ठेवायचे कागद हे: पासपोर्ट आणि व्हिसा (अमेरिकेत राहत असाल तर ओळखपत्र), घोडेस्वारी समाविष्ट असलेला आरोग्य किंवा प्रवास विमा, धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या दहा वर्षांत घेतल्याची नोंद, गाडी चालवण्याचा परवाना, आणि तिथे पोचल्यावर सही करायचं जोखमीचं हमीपत्र. हमीपत्र आधी मागवून नीट वाचा. घोडा हा स्वतःच्या मनाचा प्राणी आहे आणि त्यातून होणारी इजा तुमची जबाबदारी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. विम्याची बारीक अक्षरंही वाचा. कित्येक प्रवास विम्यांमधून घोडेस्वारी वगळलेली असते.

यात दोन ठिकाणी आपली माणसं हमखास अडकतात.

पहिलं व्हिसाचं. पर्यटक व्हिसावर तुम्ही पैसे भरून पाहुणे म्हणून जाता आणि तिथल्या कामाचा अनुभव घेता, तोवर ठीक. पण 'काम करा, राहणं-जेवण फुकट' अशी ऑफर आली तर नाही म्हणा. राहणं-जेवण हाही मोबदलाच. शेतीच्या हंगामी मजुरीसाठी एच-टू-ए नावाचा वेगळा व्हिसा असतो. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बीवर असाल तरी हेच लागू. आठवडाभराच्या हौसेसाठी हा धोका पत्करू नका.

दुसरं लाळ्या खुरकुताचं. हा रोग आपल्याकडे गावोगाव आहे. अमेरिकेत त्याची शेवटची साथ १९२९ साली आली, त्यानंतर नाही, आणि ती परत येऊ नये म्हणून तिकडची यंत्रणा फार दक्ष असते. भारतातून येताना सीमाशुल्काच्या घोषणापत्रात विचारतात, की तुम्ही जनावरांच्या जवळ होतात का, त्यांना हात लावलात का. गावी जाऊन गोठ्यात गेला असाल तर 'हो' म्हणा. 'हो' म्हटल्याने कुणी परत पाठवत नाही. बूट तपासतील, लागलं तर धुऊन देतील. लपवलंत आणि बुटाच्या तळव्याला शेण सापडलं तर मात्र दंड होऊ शकतो. माझा आग्रह याहून थोडा पुढचा आहे: गावाकडचे बूट नेऊच नका. भारतातून आल्यावर किमान पाच दिवस तिकडच्या कुठल्याही जनावराजवळ जाऊ नका, ते दिवस शहरात काढा. आणि रँचवाल्याला आधीच कळवा. मागच्या वर्षी मी सांगोल्याहून परतल्यावर दहा दिवसांनी रँचवर गेले, तरी फोन करून सगळं सांगितलं. त्या माणसाचं वर्षाचं सगळं उत्पन्न त्या कळपात उभं असतं.

३. अंगावर काय, पिशवीत काय

बूट सर्वांत महत्त्वाचे. घोट्याच्या वर येणारे, गुळगुळीत तळव्याचे आणि टाचेचे हवेत. टाचेमुळे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. ट्रेकिंगचे जाड खाचांचे बूट रिकिबीत अडकतात, आणि पडताना अडकलेल्या पायाने माणूस घोड्यामागे फरफटत जातो. नवे बूट असतील तर आधी महिनाभर घरात घालून मऊ करून घ्या.

जीन्स घ्या, आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली. सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट. डागणीच्या दिवशी नायलॉन किंवा पॉलिएस्टर नको, ठिणगी पडली की ते कातडीला चिकटतं. कातड्याचे हातमोजे दोन जोड. गळ्याला बांधायचा रेशमी रुमाल: कळपाच्या मागे चालताना धूळ नाकात जाते तेव्हा तो वर ओढायचा, सकाळच्या गारठ्यात कान झाकायचे. तिकडचे कामकरी गडी हा रुमाल कधी सोडत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीही सोडणार नाही.

मे महिन्यात तिथे बर्फ पडू शकतं आणि दुपारी उन्हाने चेहरा भाजूही शकतो. थराथराने कपडे घाला, लांब रेनकोट खोगिरामागे बांधून ठेवा. ओठांना मलम, सनस्क्रीन, पाणी. झुडपांत गोचीड असतात, रोज रात्री अंग तपासा. उन्हात तापलेल्या खडकांच्या कपारीत हात घालू नका, त्या भागात रॅटलस्नेक आहेत.

पाठीवरची पिशवी नको. ती उसळते आणि घोडा बिथरतो.

४. घोड्याशी ओळख

घोडेस्वारी अजिबात येत नसेल तर जाण्याआधी आठ-दहा धडे घ्या, तेही वेस्टर्न खोगिरावर. माथेरानला घोड्यावर बसलो होतो, हे धरू नका. तिथे घोड्यामागे त्याचा मालक चालत असतो.

तिकडे लगाम एका हातात धरतात. डावीकडे वळायचं तर उजवी दोरी घोड्याच्या मानेला टेकवायची, उजवीकडे वळायचं तर डावी. ओढायचं नाही. दुसरा हात मोकळा ठेवायचा, कारण गड्यांच्या त्या हातात दोर असतो. खोगिराच्या पुढच्या शिंगाला धरून बसायची सवय लावू नका.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा तपासणं कधी चुकवू नका. खोगीर कसताना घोडा पोट फुगवतो. पंधरा-वीस मिनिटं चाललं की तंग सैल पडतो आणि उतारावर खोगीर फिरतं. कुणी सांगण्याची वाट पाहू नका, स्वतः थांबून बोट घालून बघा.

तुमच्याजवळच्या कौशल्याबद्दल खरं सांगा. चांगलं येतं म्हटलंत तर चपळ घोडा मिळेल, आणि असा घोडा पळणाऱ्या वासरामागे स्वतःहून झटकन वळतो. स्वार तिथेच हवेत राहतो.

५. गुरं गोळा करणं

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत सुंदर आणि सर्वांत अवघड काम हेच. डागणीचे फोटो सगळे काढतात, पण तिकडची जाणती माणसं पाहुण्याची पारख इथे करतात.

पहाटे पाचला घोडे कसायचे. खोगिरांवर दहिवर पडलेलं असतं, बोटं आखडलेली असतात. उजाडताना सगळे रांगेने निघतात. मुख्य गडी एकेकाला एकेका टेकाडावर सोडत जातो: तू इथून, ती पलीकडच्या ओहोळातून, तो कुंपणाच्या कडेने. कुरण काही हजार एकरांचं असलं तरी दहा स्वार ते असं घेरतात. रोडिओ (गुराख्यांच्या कसबाचे खेळ) हा शब्दच मुळात 'घेरणे' या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदापासून आला आहे. लॅरिएट (फासाचा दोर), रँच, बकारू (गुराखी) हेही त्याच मुलखातले शब्द, मेक्सिकोतल्या गुराख्यांकडून वर आलेले.

तुम्हाला जिथे सोडलं तिथे थांबा. इशारा होईपर्यंत पुढे जाऊ नका. दोघांच्या मधलं अंतर वाढलं की मधून गुरं मागे निसटतात, आणि ती पुन्हा आणायला दुपार होते.

आता बुजण्याचं अंतर समजून घ्या. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. तुम्ही त्याच्या बाहेर आहात तोवर गाय नुसती बघते. कडेला आलात की ती चालू लागते. फार आत घुसलात की ती पळते, नाहीतर उलटते. तुमचं काम त्या कडेवर राहण्याचं. जनावरांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी हे शास्त्रशुद्ध मांडलं आणि प्रशिक्षक बड विल्यम्स यांनी गुरं शांतपणे हाताळण्याची पद्धत शिकवली. ती आज रँचोरँची वापरात आहे.

दुसरी गोष्ट खांद्याची रेष. तुम्ही गाईच्या खांद्याच्या मागे असलात तर ती पुढे जाते, खांद्याच्या पुढे आलात तर ती थांबते किंवा मागे वळते. पहिल्या वर्षी मी केलेली चूक हीच होती. घोळका चालत होता, मला वाटलं आपण पुढे होऊन वाट दाखवावी. मी बाजूने दुडक्या चालीने पुढे गेले. खांद्याची रेष ओलांडताच सगळ्या माना एकदम वळल्या, आणि तीस-चाळीस गाई वासरांसह दरीत उतरल्या. त्यांना परत आणायला तिघांचे दोन तास गेले. मुख्य गडी मला एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मागून चाल, आणि चालच."

थेट मागेही राहू नका. गाईला ठीक पाठीमागचं दिसत नाही, मग ती वळून बघते आणि चाल मोडते. मागून डावी-उजवीकडे सावकाश नागमोडी जात राहा. ओरडू नका, शिट्ट्या मारू नका, हात हलवू नका. चालती गाय थांबवायची नाही. ती योग्य दिशेने निघाली की दाब काढून घ्या, एक पाऊल मागे व्हा. त्यातून तिला कळतं, की इकडे गेलं की हा त्रास थांबतो.

वासरांचं शास्त्र वेगळं. लहान वासरू सेजब्रशच्या झुडपात मान जमिनीला चिकटवून पडून राहतं. घोडा चार हातांवरून गेला तरी हलत नाही. माळावर मेडोलार्क पक्षी गात असतो, सगळं सामसूम वाटतं, आणि पायाशी अँगस जातीचं काळं वासरू डोळे मिटून पडलेलं असतं. म्हणून आपल्या पट्ट्यातलं प्रत्येक झुडूप बघा. मागे राहिलेल्या वासराची आई दहा मैल चालून आली तरी रात्री परत त्याच झुडपाकडे जाते.

आणि वासरू घाबरलं की जिथे शेवटचं आईला लुचलं तिथे पळतं, म्हणजे उलट्या दिशेने, तुमच्याच अंगावर. त्याच्यामागे घोडा उधळवू नका. एक वासरू मागे पळालं की जवळच्या गड्याला सांगा आणि आपली जागा धरून राहा. नवखा माणूस त्या एका वासरामागे जातो आणि त्याने सोडलेल्या खिंडारातून वीस गुरं निघून जातात.

नवख्यांना बहुधा शेपटीकडे ठेवतात, त्याला तिथे ड्रॅग म्हणतात. धूळ तिथे सर्वांत जास्त, आणि थकलेली वासरंही तिथेच. कमीपणा वाटून घेऊ नका. कळपाची चाल मागचा स्वार ठरवतो.

६. कोंडवाड्यात गाई आणि वासरं वेगळी करणं

कोंडवाड्यात आल्यावर फाटकावर एक जाणता माणूस उभा राहतो आणि गाई बाहेर काढतो, वासरं आत ठेवतो. पाहुण्याचं काम गुरं सावकाश त्याच्याकडे सोडणं. दोघं-तिघं बोलू लागली की घोटाळा होतो, एकानेच बोलायचं.

गाय आणि तिचं वासरू यांच्या मधे कधीही पायी उभे राहू नका. अँगसला शिंगं नसतात म्हणून लोक निर्धास्त होतात. पाचशे-सहाशे किलोंची गाय डोक्यानेच कुंपणाला चेपते. ती मान खाली घालून फुरफुरू लागली की मागे न बघता कुंपणावर चढा.

७. डाग कशासाठी, आणि तो वाचायचा कसा

आपल्या वाचकांना हे खटकतं, मलाही खटकलं. म्हणून आधी याचं सांगते.

डाग आपल्याला अगदीच परका नाही. वृषोत्सर्गात देवाला सोडलेल्या वळूवर त्रिशूळ आणि चक्राची खूण डागत. अकबराच्या मनसबदारीत घोड्यांना डाग देत आणि त्या पद्धतीचं नावच 'दाग' होतं, हजेरीला उसनी किंवा मरतुकडी घोडी दाखवता येऊ नयेत म्हणून. मोंटानातही कारण मालकीचंच. कुंपणं मोडतात, बर्फाच्या वादळात कळप मिसळतात, कानाचे बिल्ले झुडपात अडकून पडतात. अंगावरचा डाग जनावर असेपर्यंत राहतो आणि कायद्यात तो मालकीचा पुरावा धरला जातो. प्रत्येक डाग राज्याच्या दप्तरी नोंदलेला असतो. मोंटानात ही नोंद दर दहा वर्षांनी नव्याने करावी लागते, मागची २०२१ साली झाली. गुरं विकताना सरकारी निरीक्षक डाग वाचूनच ती जाऊ देतो.

त्याने वासराला दुखतं का? दुखतं. ते हंबरतं, सुटू पाहतं, आणि जखम पूर्ण भरायला काही आठवडे लागतात. अति थंड केलेल्या लोखंडानेही डाग देतात, घोड्यांना बऱ्याचदा तसाच देतात, पण त्याला वेळ जास्त लागतो. हे बघवणार नाही असं वाटत असेल तर गुरं गोळा करण्याच्या आठवड्याला जा, डागणीच्या नको. त्यात काही कमी नाही. मी धरायला जाते, कारण चांगलं धरलेलं वासरू लवकर सुटतं.

डाग डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत वाचायचा. अक्षर आडवं पडलेलं असेल तर 'लेझी', खाली पाळण्यासारखी कमान असेल तर 'रॉकिंग', पंख असतील तर 'फ्लाइंग', आडवी रेघ असेल तर 'बार'. म्हणजे आडव्या पडलेल्या 'आर' अक्षराशेजारी रेघ असली की 'लेझी आर बार'. पहिल्याच संध्याकाळी आपल्या रँचचा डाग वाचायला शिका, आणि तो कुठल्या बाजूला, पुठ्ठ्यावर की बरगडीवर, हे पाठ करा. का, ते पुढे येतं.

८. डागणीचा दिवस

शेजारच्या रँचची माणसं मदतीला येतात. आज इकडे, उद्या तिकडे. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच हे, पैशांचा हिशेब नाही. कामं वाटलेली असतात: दोर टाकणारे, वासरं धरणारे, लस देणारे, खच्ची करणारा, डाग देणारा. डाग मालक देतो किंवा त्याने सांगितलेला माणूस. पाहुण्याने स्वतःहून डागणी हातात घेऊ नये. कुणी बोलावून दिली तर तो मान समजावा.

*दोर.* घोड्यावरचा स्वार वासराच्या मागच्या दोन्ही पायांत फास टाकतो, दोर खोगिराच्या शिंगाला गुंडाळतो आणि वासरू सावकाश जाळाजवळ ओढत आणतो. ताणलेला दोर ओलांडू नका, त्याच्या वेढ्यात पाय ठेवू नका, शिंगापाशी हात नेऊ नका. शिंग आणि दोर यांत अंगठा सापडून तुटलेली माणसं त्या मुलखात भेटतात. दोर टाकून बघायची हौस असेल तर संध्याकाळी लाकडी वासरावर सराव करा.

*धरणं.* दोघांचं काम. वासरू दोन-तीन महिन्यांचं, सत्तर ते नव्वद किलोंचं. डाग डाव्या बाजूला असेल तर वासरू उजव्या कुशीवर पाडायचं. हेच लोक विसरतात आणि मग पलटवताना सगळे दमतात. पुढचा माणूस गुडघा मानेवर टेकवतो आणि वरचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून मागे धरतो. मागचा माणूस वासरामागे जमिनीवर बसतो, एका तळपायाने खालचा मागचा पाय पुढे रेटतो आणि वरचा पाय दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीकडे ताणतो. जोर हातांचा नाही, पाठीचा आणि पायांचा लागतो. वासराचं डोकं तुमच्या हनुवटीखाली आणू नका.

सगळे 'झालं' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. दुसऱ्या वर्षी धूर डोळ्यांत गेला आणि माझी पकड ढिली झाली. वासरू तेवढ्यात सरकलं, डाग फाकला. ती कालवड होती. पुढच्या मे महिन्यात ती मला पुन्हा दिसली, पुठ्ठ्यावर एक काळा चट्टा आणि त्यात न वाचता येणारं अक्षर. तेव्हापासून मी डोळे मिटते, हात सोडत नाही.

*लोखंड.* लालबुंद लोखंड चुकीचं. लाल असलं की केसांना आग लागते आणि कातडी खोल जळते. राखेच्या रंगाचं हवं. तीन ते पाच सेकंद, थोडं डोलवत, सगळ्या कडा टेकतील असं. उचलल्यावर कातडी नव्या खोगिराच्या चामड्याच्या रंगाची दिसली की बरोबर. ओल्या अंगावर डाग देत नाहीत, वाफेने कातडी भाजते आणि खूण पसरते. म्हणून दव पडलेल्या सकाळी सगळे कॉफी पीत थांबलेले दिसतील. घाई करू नका, विचारूही नका.

*लस.* पाहुण्याला हे काम लवकर मिळतं, आणि ते नीट केलं तर सर्वांत उपयोगी आहे. एका लशीत फऱ्या आणि त्याच कुळातले इतर रोग असतात. फऱ्या म्हटलं की आपल्याकडचा शेतकरी लगेच समजेल. दुसरी श्वसनाच्या रोगांची असते. मानेवरची कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली टोचायचं, पुठ्ठ्यावर नाही. जिवंत विषाणूची लस तिच्यासोबतच्या निर्जंतुक द्रावणात मिसळल्यावर तासाभरात संपवायची, म्हणून लागेल तेवढीच मिसळायची आणि बर्फाच्या पेटीत, उन्हाआड ठेवायची. त्या पिचकारीला जंतुनाशक लावू नका, लसच मरते. टोचलेली सुई पुन्हा बाटलीत घालायची नाही. दहा-पंधरा वासरांमागे सुई बदला. वाकलेली सुई सरळ करू नका, फेकायच्या डब्यात टाका. टोचलेल्या वासरावर खडूची खूण करा, नाहीतर गोंधळात एकाला दोनदा आणि एकाला शून्य असं होतं.

नर वासरं त्याच वेळी खच्ची करतात. चाकूने किंवा रबरी कड्याने. पुढे त्यांना मांसासाठीच वाढवतात, हे तिथे कुणी लपवत नाही.

सोडताना आधी दोर काढायचा, मग दोघांनी एकमेकांना सांगून एकदम सोडायचं आणि वासराच्या पाठीच्या बाजूला व्हायचं. पायांच्या बाजूला नाही.

९. दुपारचं जेवण

लांब टेबलावर बीफ, बीन्स, बटाटे आणि पाई (भट्टीत भाजलेला गोड पदार्थ). खच्ची केलेल्या वासरांचे वृषण तळून वाढतात, तिथे तो मानाचा पदार्थ आहे. खात नसाल तर 'नको, धन्यवाद' एवढं पुरतं. कारण समजावत बसू नका, कुणी विचारत नाही. जेवणाआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. रँच सोडताना कामकऱ्यांसाठी खर्चाच्या १५ ते २० टक्के टिप ठेवतात, ती हिशेबात आधीच धरा.

१०. जोड्या जुळवणं

शेवटचं वासरू सुटलं की पाहुणे बूट काढायला पळतात. तुम्ही घोड्यावर परत बसा.

वासरं आणि गाई एकत्र सोडतात तेव्हा दोनशे आवाज एकदम उठतात. प्रत्येक गाय आपल्या वासराला हाक मारते आणि प्रत्येक वासरू चुकीच्या गाईकडे जातं. ती त्याला हुंगते, ढुशी देऊन हाकलते, ते पुढच्या गाईकडे जातं. स्वार भोवती सैल कडं करून उभे राहतात. घोडे स्थिर, कुणी बोलत नाही. काम एकच: जोडी जुळली नसेल तर कुणालाही बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि जुळली की तिला हळूच वाट करून द्यायची. जुळली हे ओळखायचं लुचण्यावरून. नुसतं शेजारी उभं राहणं धरू नका.

गाय वासराला शेपटीकडून हुंगायला सुरुवात करते. पुठ्ठ्यापाशी आली की थबकते, जळक्या केसांचा वास तिला ओळखीचा नसतो. नाक मागे घेते, पुन्हा जवळ आणते. मग जीभ बाहेर काढते आणि डाग सोडून बाकीचं अंग चाटू लागते. वासरू तोवर कासेखाली शिरलेलं असतं.

याला तास लागतो, कधी दोन. आवाज एकेक करून कमी होत जातात. शेवटी एखादीच गाय हंबरत राहिली तर तिचं वासरू झुडपात राहिलं आहे किंवा कोंडवाड्याच्या कोपऱ्यात झोपलं आहे. मुख्य गड्याला सांगा आणि शोधायला निघा. ते सापडून लुचेपर्यंत फाटक लावायचं नाही.